दोरीवरून खाली आलेली किल्ली

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या फिल्मचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, तीनदा पाहिला. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकत. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, "ताई, सगळं शहर शूट केलं, तरी शहर काही येत नाहीये. कुठं चुकलं?" स्वतःच्या कामाबद्दल असं विचारायला धीर लागतो. तो तू दाखवलास, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

बावीस मिनिटांतली पहिली तीन मिनिटं ड्रोनची आहेत. पूल, नदी, उंच इमारती, उगवता सूर्य, चौकातली गर्दी. मग तुझ्या गोष्टीतला मुलगा येतो आणि चालत राहतो. संध्याकाळ होते, दिवे लागतात, तो चालतोच आहे. त्याच्या पाठीवर मोठी चौकोनी पिशवी आहे, म्हणजे तो घरोघर पार्सलं पोचवतो, हे मला चौदाव्या मिनिटाला कळलं. आणि सोळाव्या मिनिटाला तो शॉट येतो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक सुरकुतलेला हात दोरीला बांधलेली किल्ली खाली सोडतो. मुलगा गाठ सोडवतो, दार उघडतो, आत अंधारा जिना. चाळीस सेकंद. तेवढ्यात ते शहर मला भेटलं. लिफ्ट नसलेल्या इमारती, खाली उतरणं बंद झालेली माणसं, अनोळखी पोराच्या हातात दाराची किल्ली सोपवण्याइतका विश्वास, किंवा तितकी नड. या चाळीस सेकंदांत जे घडलं ते उरलेल्या एकवीस मिनिटांत का घडलं नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. लांबलं तर वाचून घे.

आधी व्हिएन्नाला जाऊ. तिथल्या प्राटर बागेत १८९७ साली उभारलेला एक प्रचंड आकाशपाळणा आहे. रेल्वेच्या डब्यासारखे बंद डबे आहेत त्याला. १९४९ साली कॅरल रीडने 'द थर्ड मॅन' केला, तेव्हा त्याचा नायक आणि त्याचा मित्र त्या डब्यात बसतात. युद्ध नुकतंच संपलंय, शहर चार विजेत्या राष्ट्रांत वाटलं गेलंय, औषधांचा काळाबाजार चालू आहे. मित्र भेसळीचं पेनिसिलिन विकतो आणि पोरं मरतात. डबा वर जातो, मित्र दार उघडून खाली दाखवतो आणि विचारतो, ते ठिपके दिसतायत ना, त्यातला एखादा हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का? त्या उंचीवरून माणसं खरोखरच ठिपके दिसतात. पाहणाऱ्याला त्या डब्यात भीती वाटते.

१९९५ साली रिचर्ड लिंकलेटरने 'बिफोर सनराइझ' केला. गाडीत ओळख झालेले दोन तरुण जीव व्हिएन्नाला उतरतात. मुलाचं विमान सकाळी आहे, हॉटेलला पैसे नाहीत, म्हणून रात्रभर चालायचं. तेही त्याच पाळण्यात बसतात, संध्याकाळच्या उजेडात, आणि तिथं एकमेकांना पहिल्यांदा जवळ घेतात. पाळणा तोच, शहर तेच. पण पहिल्या सिनेमातली व्हिएन्ना ओली, वाकडी, संशयी आहे. दुसऱ्यातली उदार आहे, रस्त्यावरच्या कवीपासून हात बघणाऱ्या बाईपर्यंत सगळी त्या दोघांशी बोलायला थांबतात. सेहेचाळीस वर्षांत शहर बदललं हे खरं, पण तेवढ्यानं हा फरक पडत नाही. डब्यात कोण चढलं, कशासाठी चढलं, त्याच्याकडे किती वेळ आहे आणि खिशात किती पैसे, यानं तो पडतो.

'द थर्ड मॅन'मधली आणखी एक गोष्ट मी दर वेळी विद्यार्थ्यांना दाखवते. नायक अमेरिकन आहे, त्याला जर्मन येत नाही. आणि सिनेमात लोक जे जर्मन बोलतात त्याचं भाषांतर पडद्यावर येत नाही. एका प्रसंगात एक लहान मुलगा त्याच्याकडे बोट करून काहीतरी ओरडतो, गर्दी वळते, आणि आपल्यालाही त्याच्याइतकंच कळतं: काही नाही, फक्त एवढंच की पळायला हवं. परक्या शहरात असणं म्हणजे काय, हे समजवायला रीडला एकही संवाद लिहावा लागला नाही. रॉबर्ट क्रास्करच्या कॅमेऱ्याला ऑस्कर मिळालं, आणि ते तिरके शॉट, पाणी मारून चमकवलेले दगडी रस्ते सगळ्यांच्या लक्षात राहतात. माझ्या लक्षात तो मुलगा राहिलाय.

आता तुझ्या मुलाकडे येते. तो कोण आहे? त्याचं या शहराशी काम काय आहे? तुला माहीत आहे, कारण पिशवी तूच दिलीस. पण काम दाखवणं तुला फारसं काव्यमय वाटलं नसावं, म्हणून तू त्याला नुसतं चालवलंस. इथंच गाडी रुळावरून घसरली.

'बायसिकल थीव्ज' तू पाहिला आहेस, पण या आठवड्यात पुन्हा पाहा, आणि या वेळी गोष्ट विसरून फक्त अंतरं मोज. १९४८ सालचा व्हित्तोरियो दे सिकाचा सिनेमा. रोमच्या कडेला, वाल मेलाइनाच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, अट एकच: सायकल हवी. ती गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढते आणि गहाण ठेवायला नेते. तिथला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो, चढतच जातो, आणि कॅमेरा वर गेल्यावर दिसतं की छतापर्यंत अशीच गाठोडी रचलेली आहेत. किती घरांतल्या लोकांनी चादरी गहाण ठेवून दिवस काढले असतील! शहराची गरिबी दाखवायला दे सिका झोपडपट्टीवरून कॅमेरा फिरवत नाही. एक माणूस शिडी चढतो.

मग सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक ती शोधत पियाझ्झा व्हित्तोरियोच्या बाजारात जातात. तिथं सायकली नाहीत, सायकलींचे तुकडे आहेत: घंट्या, टायर, सांगाडे, पंप. नंतर पोर्ता पोर्तेसे, तिथं पाऊस. भिंतीच्या आडोशाला ते उभे, शेजारी परदेशी पाद्री आपसात बडबडतायत. रोम शहरात पाहण्यासारखं किती आहे! पण ज्याची सायकल गेली त्याला प्राचीन अवशेष दिसत नाहीत, त्याला फक्त दुसऱ्यांच्या सायकली दिसतात. शेवटी स्टेडियमबाहेर शेकडो सायकली ओळीनं लावलेल्या दिसतात, तेव्हा तो साधा वाहनतळ आपल्याला सहन होत नाही. नायकाचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी नट नव्हता, कारखान्यात काम करणारा माणूस होता. त्याची चाल बघ. रोम किती मोठं आहे हे त्या चालीतून कळतं, तुझ्या ड्रोनपेक्षा कितीतरी जास्त.

तुझ्या मुलाच्या पाठीवरची पिशवी ही तुझी सायकल आहे. तिच्यात कुणाचं काय आहे, किती वेळात पोचवायचंय, उशीर झाला तर त्याचं काय जाणार आहे, हे मला पहिल्या दोन मिनिटांत कळू दे. मग तो कुठल्याही रस्त्यानं गेला तरी तो रस्ता मला त्याच्या नजरेनं दिसेल. पत्ता शोधणाऱ्या माणसाला इमारतींचे आकडे दिसतात, बंद फाटकं दिसतात, कुत्री दिसतात, सूर्योदय दिसत नाही.

सत्यजित राय यांच्या 'महानगर'बद्दलही लिहायला हवं, कारण घरोघर जाणारं माणूस हा त्याचाही विषय आहे. १९६३ सालचा सिनेमा. नावं येतात तेव्हा पडद्यावर ट्रामचा दांडा आहे, वरच्या तारेला घासत चाललेला, मधूनच ठिणगी. रस्ता नाही, माणसं नाहीत. तेवढ्या तारेवर राय आपल्याला घरापर्यंत आणतात. घर इतकं दाटीचं की एकजण हलला की दुसऱ्याला सरकावं लागतं. सासू-सासरे, शिकणारी नणंद, लहान मुलगा, बँकेत नोकरी करणारा नवरा. त्या घरातून सून आरती पहिल्यांदा बाहेर पडते, विणकामाची यंत्रं विकायला. तिच्याबरोबर आपण कलकत्त्याच्या श्रीमंत घरांची दारं ठोठावतो. दार कोण उघडतं, आत घेतात की उंबऱ्यावर उभं करतात, यातून शहराचा एक नकाशा तयार होतो, जो कुठल्याही छापील नकाशात नसतो. आणि तिकडे सासरे, निवृत्त मास्तर, आपल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे चष्म्यासाठी, पैशासाठी हात पसरत फिरतात. त्यांचीही दारंच. एकाच शहरात सून विकायला दारोदार जाते आणि सासरा मागायला. मला या दोन फेऱ्यांइतकी बोचरी शहराची मांडणी क्वचितच सापडली आहे.

तुझ्या मुलालाही दारंच मिळाली आहेत. तू ती फार पटकन कापलीस. सातव्या मिनिटाला एका उंची इमारतीत त्याला मालाच्या लिफ्टकडे पाठवतात, तो शॉट दोन सेकंदांचा आहे. मला तो वीस सेकंद हवा. तो लिफ्टची वाट बघत उभा आहे आणि बाजूच्या आरशाच्या लिफ्टमधून माणसं वर-खाली जातायत, एवढंच. संगीत नको.

संगीतावरून आठवलं, डोळे मिटून ऐकताना काय झालं ते सांगते. बावीसपैकी अठरा मिनिटं पियानो आहे. छान आहे पियानो, पण त्याच्याखाली तुझं शहर गाडलं गेलंय.

माझ्या पहिल्या माहितीपटाच्या वेळी आम्ही एका बंदराच्या गावात नऊ दिवस चित्रीकरण केलं आणि पैसे वाचवायला ध्वनिमुद्रकाला चौथ्या दिवशी परत पाठवलं. निर्णय माझाही होता. नंतर संकलनाच्या वेळी संध्याकाळच्या प्रसंगांना आवाज नाही म्हणून तयार संग्रहातून 'बंदर' आणून बसवलं: भोंगे, समुद्रपक्षी, लाटा. खेळ झाल्यावर त्या गावातल्या एक वयस्कर बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "चित्र आमचं आहे हो, पण ती संध्याकाळ आमची नाही. आमच्याकडे जहाजं दुरुस्त करणाऱ्यांचे हातोडे थांबले की आम्ही म्हणतो दिवस संपला." ती शांतता माझ्या चित्रपटात नव्हती. तिचं ध्वनिमुद्रण करायचं असतं हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. याला बरीच वर्षं झाली, अजूनही कुठल्याही गावात गेले की मी संध्याकाळी काय थांबतं ते ऐकते.

अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' चांगल्या ध्वनीच्या खोलीत बसून ऐक. नाव ऐकून इटली आठवते, पण रोमा ही मेक्सिको सिटीतली एक वस्ती आहे, आणि काळ आहे १९७० आणि १९७१. २०१८ साली त्यानं ती कृष्णधवल बांधली आणि पार्श्वसंगीत वापरलंच नाही. जे ऐकू येतं ते सगळं त्या रस्त्यातलं: धार लावणाऱ्याची शिट्टी, कुत्रा, रेडिओ, रस्त्यातून वाजत जाणारा बँड. सुरुवातीला नुसती फरशी दिसते. कुणीतरी ती धुतंय, पाणी येतं, आणि त्या पाण्यात आकाशाचा चौकोन उमटून त्यातून विमान जातं. घरातल्या मोलकरणीला आकाश बघायला मान वर करायची सवड नाही, ते तिच्या पायाखालच्या साबणाच्या पाण्यात येतं. असा शॉट नुसत्या नजरेनं सुचत नाही, आधी फरशी कोण धुतं हे ठाऊक असावं लागतं.

आणि शांताल अकरमनचा 'न्यूज फ्रॉम होम', १९७६ साली न्यू यॉर्कमध्ये चित्रित केलेला. पत्रांचाच सिनेमा आहे, म्हणून तुला पत्रातच सांगावासा वाटला. त्याच्या काही वर्षं आधी ती एकटीच तिथं जाऊन राहिली होती, तेव्हा बेल्जियमहून आईची पत्रं यायची. तीच पत्रं ती वाचते: बरी आहेस ना, लिहीत जा, इकडे सगळे ठीक. पडद्यावर रिकामे रस्ते, भुयारी रेल्वेचे फलाट, गाड्या. कुणी पात्र नाही. मधेच रेल्वेचा खडखडाट वाढतो आणि आईचे शब्द त्यात बुडून जातात. घर सोडून मोठ्या शहरात गेलेल्या कुणालाही त्या खडखडाटाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तुझा मुलगाही नवा आलाय ना शहरात? त्याला फोन येत असतील. ते कुठं, कुठल्या आवाजात त्याला ऐकू येत नाहीत, याचा विचार कर.

तुझ्या चिठ्ठीतली दुसरी तक्रार अशी की स्थानकात शूटिंगची परवानगी मिळाली नाही, म्हणून फिल्म अपुरी राहिली. यावर मी तुला फार सहानुभूती दाखवणार नाही. १९६०च्या 'ब्रेथलेस'मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा कॅमेरामन राऊल कुतार पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर टपालाच्या हातगाडीत लपून बसला होता, आजूबाजूच्या लोकांना पत्ताच नव्हता. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सला 'विंग्ज ऑफ डिझायर'साठी बर्लिनच्या भिंतीच्या आतल्या पट्ट्यात जाऊ देणं कुणाला शक्यच नव्हतं, त्यानं भिंतीचा तेवढा भाग नव्यानं बांधला. जाफर पनाहीवर इराणमध्ये २०१० साली वीस वर्षं चित्रपट न करण्याची बंदी आली. त्यानं टॅक्सीत छोटे कॅमेरे बसवले, स्वतः चालवायला बसला आणि तेहरानला आत येऊन बसू दिलं. भांडणारे, मरणाला टेकलेले, पायरेटेड सिनेमे विकणारे, त्याची चुणचुणीत भाची. २०१५ साली 'टॅक्सी'ला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. खिडकीबाहेरचं शहर त्यात फार थोडं दिसतं, तरी सिनेमा संपल्यावर आपण तेहरानमध्ये जाऊन आलोय असं वाटतं. तुझ्याकडे स्थानक नाही, पण स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसाची घाई आहे. ती बाहेरच्या फुटपाथवरही मिळते आणि त्याला परवानगी लागत नाही.

याच्याच जोडीचा तुझा हट्ट: सगळं खऱ्या ठिकाणीच हवं. बरं आहे, पण त्याचा अभिमान धरू नकोस. 'महानगर'मधलं ते दाटीचं घर स्टुडिओतला सेट आहे. झिगा व्हेर्तोव्हच्या १९२९ सालच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'मधलं शहर मॉस्को, कीव्ह आणि ओडेसा यांचे तुकडे जोडून केलेलं आहे. पण पडद्यावर ते एकच शहर जागं होतं आणि कामाला लागतं. जाक तातीनं 'प्लेटाइम'साठी पॅरिसच्या कडेला पोलाद-काचेचं आख्खं शहर उभारलं आणि त्यापायी कर्जबाजारी झाला. त्यात आयफेल टॉवर दिसतो तो फक्त काचेच्या दारावरच्या प्रतिबिंबात, दार हललं की नाहीसा. १९६७ साली त्याला जे म्हणायचं होतं, की सगळी शहरं एकसारखी होत चालली आहेत, ते त्या एका दारात आहे.

सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र वाँग कार-वाईचं. 'इन द मूड फॉर लव्ह' १९६२च्या हाँगकाँगमध्ये घडतो. पण २०००च्या सुमारास ते हाँगकाँग हाँगकाँगमध्ये उरलंच नव्हतं, म्हणून बरंचसं चित्रण बँकॉकच्या जुन्या गल्ल्यांत केलं. वाँग पाच वर्षांचा असताना शांघायहून हाँगकाँगला आला. भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहणारी शांघायची माणसं, शेजाऱ्यांची सततची ये-जा, अरुंद बोळ जिथं दोन माणसं एकमेकांना न घासता जाऊच शकत नाहीत, हे त्याच्या लहानपणाचं सामान. दोन शेजाऱ्यांचं प्रेम त्या बोळाच्या रुंदीतून जन्माला येतं. तुझ्या जिन्याची रुंदी किती आहे, मोजलीस का? वर जाणारा आणि खाली येणारा भेटले तर कोण थांबतं?

तरीही, चालतं म्हणून वाटेल ते करू नकोस. थॉम अँडरसनचा 'लॉस एंजेलिस प्लेज इटसेल्फ' नावाचा लांबलचक चित्रनिबंध आहे, २००३ सालचा. हॉलिवूडनं त्याच्या स्वतःच्या शहराला पडद्यावर कसं कसं वापरलं, कुठली इमारत कशाकशासाठी खपवली, कुठल्या वस्त्या कधी दाखवल्याच नाहीत, याचा त्यात जिव्हाळ्यानं आणि रागानं मांडलेला हिशेब आहे. त्याचं म्हणणं मला पटतं. रस्ता जोडताना भूगोल चुकला तर एकवेळ चालेल, माणसं चुकली तर नाही. तुझ्या चौथ्या मिनिटाला मुलगा एका वस्तीतून जातो आणि तिथली माणसं फक्त कॅमेऱ्याकडे बघतात. तू त्यांच्याशी बोलला नव्हतास, हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं. तो शॉट काढून टाक. देखणा आहे, तरी काढ.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) तुझ्या पिढीतल्या बहुतेकांनी खटल्यासाठी पाहिला. तू तो खटल्यानंतरच्या संध्याकाळसाठी पाहा. सरकारी वकील बाई लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात, मग घरच्यांबरोबर नाटकाला. बचाव पक्षाचा वकील स्वतःच्या गाडीतून जातो, सुपरमार्केटात वाइन आणि चीज घेतो. दिवसभर एका खोलीत समोरासमोर उभी असलेली माणसं संध्याकाळी जणू दोन वेगळ्या शहरांत परततात, आणि दोन्हीचं नाव मुंबईच असतं. कॅमेरा लांब, स्थिर, घाई नसलेला. कोर्ट बंद होतं, दिवे जातात, आणि तो अंधारातही तिथंच थांबून राहतो. समुद्रकिनारा, गगनचुंबी इमारती यांची आठवणही होत नाही.

आणि एक, थोडं तुझ्या वयाला लांबचं वाटेल. 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये एक म्हातारा बर्लिनमधला पोट्सडामर प्लाट्झ हा जुना चौक शोधतोय. तिथं कॉफीची दुकानं होती, वर्दळ होती, म्हणतो, आणि त्याच्याभोवती भिंतीलगतचं गवताळ रान. जुनी खुर्ची कुणीतरी टाकून दिलेली, तिच्यावर तो बसतो. सिनेमा १९८७चा. दोन वर्षांनी भिंत पडली, आणि पुढं त्या रानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता ते रान फक्त त्या सिनेमात आहे. अकरमनच्या 'न्यूज फ्रॉम होम'च्या शेवटच्या शॉटमध्ये बोट मॅनहॅटनपासून दूर जाते आणि धुक्यात जुळे मनोरे दिसतात. तिनं ते निरोपासाठी घेतलेच नव्हते, तेव्हा ते नुसते तिथं होते. तू जे आज 'हे काय रोजचंच' म्हणून वगळतोस, ते आधी शूट कर. दोरीवरची किल्ली किती वर्षं राहील? एखादं कुलूप बदललं, एक म्हातारा गेला, की संपलं.

आता संकलनाच्या टेबलावरच्या कामाचं. ड्रोनची तीन मिनिटं सुरुवातीतून काढ, पण फेकू नकोस. 'बिफोर सनराइझ'च्या शेवटी ते दोघं जिथं जिथं बसले, भांडले, हसले, त्या जागा सकाळच्या उजेडात रिकाम्या दिसतात. तेच शॉट सुरुवातीला असते तर पर्यटन खात्याची जाहिरात झाली असती. शेवटी आल्यावर घशात आवंढा येतो, कारण तोवर तिथं काय झालं ते आपल्याला माहीत असतं. तुझ्या आकाशातल्या शॉटमध्ये ती तिसऱ्या मजल्याची खिडकी सापडते का बघ. सापडली तर शेवटी एकच शॉट वापर, दहा सेकंद. आपण त्या गर्दीतली एक खिडकी ओळखली, एवढं प्रेक्षकाला वाटलं तरी मला पुरे.

सुरुवात पिशवीपासून कर. पियानो सगळा बंद करून एकदा पाहा, मग जिथं खरंच गुदमरायला होईल तिथं आणि तेवढाच परत आण. मालाची लिफ्ट वाढव. फोनचा एक प्रसंग नव्यानं घ्यावा लागेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि पुन्हा शूटिंगला जाण्याआधी एक दिवस कॅमेरा न घेता जा. त्या मुलाच्या वेळेला नीघ, त्याच्या वजनाची पिशवी पाठीवर घे, त्याच्याइतकी दारं वाजव. कुठं पाणी पिता येतं, कुठं बसलं तर उठवतात, कुठल्या जिन्यात दिवा नाही, हे वहीत लिही. तुझी पटकथा त्या वहीत आहे.

एक शंका मात्र तिन्ही वेळा पाहताना मनात राहिली. किल्ली खाली येते ते तू दाखवलंस. पार्सल दिल्यावर ती परत कशी जाते? तो आजोबांच्या हातात देतो, की खाली येऊन दाराला कुलूप लावतो, पुन्हा दोरीला बांधतो आणि ती वर ओढली जाते? गाठ तो मारतो तेव्हा वर बघतो का? ते शूट केलं असशील तर तो तुकडा, न कापता, मूळ आवाजासकट पाठव. मी मंगळवारपर्यंत टेबलावरच आहे.

तुझी,
ताई